आधी भरा, मग लावा

एक कोटी ओळींची फाईल, जुना लॅपटॉप आणि पावसाळ्यातली लाईट. यातून वाट काढायला नवं मशीन लागतंच असं नाही. कामाचा क्रम बदलला तरी पुष्कळ होतं.

जुलैमधली शनिवारची रात्र. सावंतवाडीत पाऊस असा लागलाय की मोती तलावाच्या पलीकडचे दिवेसुद्धा दिसत नाहीत. तुमचं शेवटचं वर्ष आहे, सोमवारी सकाळी सरांना प्रोजेक्ट दाखवायचाय आणि तुम्ही आतेभावाकडून मिळालेल्या जुन्या लॅपटॉपसमोर बसलाय. प्रोजेक्ट तसा साधा. पार्सलांची माहिती साठवायची आणि कुणी विचारली की लगेच दाखवायची. सरांची अट एकच : डेटा खराखुरा वाटेल एवढा मोठा हवा. म्हणून तुम्ही एक छोटा प्रोग्रॅम लिहून एक कोटी ओळींची फाईल तयार केलीत. पार्सल नंबर, तारीख, घेणाऱ्याचं नाव, गाव, पिनकोड. फाईल झाली एक जीबीच्या आसपास.

आदल्या दिवशी एक लाख ओळी टाकून बघितल्या होत्या. चहा गार व्हायच्या आत काम फत्ते! मग हिशोब मांडला. एक लाखाला एवढा वेळ, तर एक कोटीला शंभरपट. रात्रीत होऊन जाईल. पण झालं भलतंच. सुरुवातीला धावणारा आकडा वीस लाखांनंतर चालायला लागला आणि चाळीस लाखांनंतर रांगायला. हार्ड डिस्कची खरखर थांबेना. आतून आईची हाक आली, "अजून झोपाक नाय?" आणि तेवढ्यात लाईट गेली. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीवर कुणी भरवसा ठेवू नये, हे तुम्हाला त्या क्षणी नव्याने कळलं.

अशा वेळी मनात काय येतं, ते सांगायला नको. लॅपटॉप जुना आहे. एसएसडी नाही. पुण्यात असतो तर लॅबमध्ये बसून केलं असतं. हे मोठ्या डेटाचं वगैरे आपल्यासारख्यांचं काम नव्हे.

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. शेवटचं साफ चूक आहे. तुमचं काम अडलं ते मशीनमुळे कमी आणि क्रमामुळे जास्त. तुम्ही टेबल बनवलंत, त्यावर चार इंडेक्स लावलेत आणि मग त्यात एक कोटी ओळी ओतल्यात. क्रम उलटा हवा होता. आधी ओळी, मग इंडेक्स. एवढ्याने तासांचं काम मिनिटांवर कसं येतं, ते समजून घ्यायला लागणाऱ्या बऱ्याचशा गोष्टी तुमच्या आसपासच आहेत.

राजापूरच्या माणसाचा इंडेक्स

इंडेक्स म्हणजे काय? जाड पुस्तकाच्या शेवटी सूची असते. शब्द शोधा, पान नंबर बघा, थेट त्या पानावर जा. डेटाबेसचा इंडेक्स तेच करतो. एक कोटी ओळी पहिल्यापासून वाचत न बसता हवी ती ओळ कुठे आहे, ते सांगतो.

असाच एक इंडेक्स तुम्ही लहानपणापासून लिहीत आलाय : ४१६५१०. सावंतवाडीचा पिनकोड. ही पद्धत आखली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. मूळचे राजापूरचे, म्हणजे आपल्याच कोकणातले. संस्कृतचे मोठे पंडित आणि कवी, आणि नोकरी केंद्रीय दळणवळण खात्यात. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्याआधी अडचण काय होती? एकाच नावाची ढिगाने गावं. वडगाव किती, रामपूर किती, मोजून दमाल. त्यात पत्ते वेगवेगळ्या लिप्यांमध्ये. पत्रं वेगळी करणाऱ्या माणसाने कोणकोणती लिपी शिकायची?

वेलणकरांनी गावाच्या नावाला सहा अंक जोडले, आणि तेसुद्धा असे की प्रत्येक अंकाने शोध आक्रसत जावा. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा पट्टा. ४१६ म्हटलं की कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग एवढाच भाग उरतो. शेवटचे तीन अंक नेमकं टपाल कार्यालय सांगतात. बांदा ५११, वेंगुर्ला ५१६, कुडाळ ५२०, आणि आपण ५१०. दिल्लीत पत्र वेगळं करणाऱ्याला सावंतवाडी कुठे आहे हे ठाऊक असायची गरज नाही. त्याने सुरुवातीचे अंक बघावेत आणि पत्र त्या पिशवीत टाकावं. पुढचं पुढचे लोक बघतील.

आता यातला मुद्दा बघा. दिल्लीतलं एकेक पत्र उचलून कुणी सावंतवाडीला धावत नाही. दिवसभराची पत्रं आधी गोळा होतात. मग एका बैठकीत त्यांचे गठ्ठे लागतात. मग गठ्ठे एकदम निघतात. आलेलं प्रत्येक पत्र त्याच क्षणी त्याच्या जागी पोचवायचं ठरवलं असतं, तर टपाल खातं आठवड्यात बंद पडलं असतं. तुम्ही शनिवारी रात्री लॅपटॉपला नेमकं तेच करायला लावलंत.

गंजिफाची १२० पानं

विश्वास बसत नसेल तर राजवाड्याकडे चला. तिथे आजही गंजिफाची गोल पानं हाताने रंगवली जातात. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही मरणपंथाला लागलेली कला पुन्हा उभी केली, हे सावंतवाडीत वाढलेल्याला सांगायला नको. दशावतारी गंजिफात १० रंग, प्रत्येक अवताराचा एक. प्रत्येक रंगात १२ पानं : राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. एकूण १२०.

समजा, पिसलेला जोड तुमच्या हातात दिला आणि सांगितलं, सगळी पानं टेबलावर क्रमाने एका ओळीत मांडा. पहिला मार्ग : पान उचला, ओळीत त्याची जागा शोधा, पुढची सगळी पानं एकेक घर सरकवा, पान ठेवा. ओळ लांबत जाते तशी सरकवायची पानंही वाढतात. सरासरी निम्मी ओळ सरकवावी लागते असं धरलं तर १२० पानांसाठी साधारण ३,५७० वेळा सरकवासरकव होते.

दुसरा मार्ग : आधी अवताराप्रमाणे दहा ढीग करा. १२० वेळा पान उचललं आणि ठेवलं. मग एकेक ढीग घेऊन त्यातली १२ पानं आपापल्या जागी लावा. आणखी १२० वेळा. एकूण २४०. पानं तीच, टेबल तेच, हातही तेच. ३,५७० ऐवजी २४०.

डेटाबेस अर्थात दर वेळी सगळी ओळ सरकवत नाही, तो त्याहून हुशार आहे. पण त्याच्या हुशारीलाही मर्यादा आहे, आणि तुमचा आकडा चाळीस लाखांवर अडला तो त्या मर्यादेपाशी.

आत चाललंय काय?

बहुतेक डेटाबेसचा नेहमीचा इंडेक्स 'बी-ट्री' पद्धतीचा असतो. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट या दोघांनी बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेत ही रचना शोधली आणि त्यांचा गाजलेला निबंध छापून आला १९७२ मध्ये, म्हणजे पिनकोड सुरू झाला त्याच वर्षी. 'बी' कशाचा, हे त्यांनी कधी नक्की सांगितलं नाही. बायरचा, बोइंगचा, बॅलन्स्डचा, तुम्हाला आवडेल तो घ्या.

रचना पिनकोडसारखीच आहे. इंडेक्सची 'पानं' असतात. पोस्टग्रेसमध्ये एक पान ८ केबीचं, मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये १६ केबीचं. सगळ्यात वर एक पान. ते सांगतं, अमुक आकड्यापर्यंत या बाजूला जा, पुढचे त्या बाजूला. त्याखाली तशीच आणखी पानं. सगळ्यात खालच्या पानांवर खऱ्या नोंदी, क्रमाने लावलेल्या.

पोस्टग्रेसमध्ये साध्या आकड्याची एक नोंद २० बाइटांत बसते. म्हणजे एका पानावर साधारण साडेतीनशेहून जास्त नोंदी. एक कोटी वेगवेगळ्या आकड्यांसाठी खालची पानं लागतात सत्तावीस हजारांच्या घरात, आणि सगळा इंडेक्स होतो सुमारे २१४ एमबीचा. गंमत म्हणजे एवढ्या पसाऱ्यात कुठलीही नोंद शोधायला फक्त तीन पानं बघावी लागतात. वरचं, मधलं, खालचं. एक कोटीतून तीन उड्यांत!

शोधायला जे इतकं सोयीचं, ते भरायला महाग पडतं. तुमच्या फाईलमधली पहिली ओळ ४१६५१० ची, दुसरी आसाममधल्या ७८१ वाली, तिसरी चेन्नईची ६०० वाली. प्रत्येक नोंद इंडेक्सच्या वेगळ्या पानावर जाणार. इंडेक्स लहान असतो तोवर सगळी पानं मेमरीत मावतात आणि काम पळतं. एक लाख ओळींची चाचणी म्हणूनच फसवी ठरली. पोस्टग्रेस स्थापन केल्यावर तो आपल्या वापरासाठी मुळात १२८ एमबी मेमरी राखतो. तुमचे चार इंडेक्स आणि टेबल मिळून ती कधीच ओलांडून गेले. पुढे लॅपटॉपची उरलेली मेमरीही भरली, की प्रत्येक नोंदीसाठी डिस्कवरचं पान आणा, बदला, परत ठेवा.

आता हिशोब करा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला कुठल्याही एका जागी पोचायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. वाईटात वाईट धरू, प्रत्येक नोंदीला एक फेरी. एक कोटी गुणिले १० मिलिसेकंद म्हणजे एक लाख सेकंद. जवळजवळ २८ तास. आणि हे एका इंडेक्सचं झालं, तुमचे चार आहेत.

शिवाय पान भरलं की त्याचे दोन तुकडे करावे लागतात आणि दोन्ही अर्धी रिकामी राहतात. विस्कळीत क्रमाने भरत गेलेल्या बी-ट्रीची पानं सरासरी ६९ टक्क्यांच्या आसपासच भरलेली राहतात, असा सिद्ध झालेला हिशोब आहे. म्हणजे वेळ जास्त जातो आणि जागाही जास्त लागते.

उलटं केलं तर

टेबलवर इंडेक्सच नसला, तर नवी ओळ कुठे ठेवायची हा प्रश्नच येत नाही. आली ओळ, ठेव शेवटी. ही डिस्कची आवडती चाल. एका सलग रेषेत वाचायचं किंवा लिहायचं असेल तर तीच जुनी डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास जाते. तुमची एक जीबीची फाईल त्या वेगाने दहा सेकंदांत वाचून होते. ओळी सोडवणं, टेबलात मांडणं हे सगळं धरून वेळ वाढेल, पण तो मिनिटांत मोजाल.

मग शेवटी 'क्रिएट इंडेक्स'. आता डेटाबेसला सगळ्या नोंदी एकदम समोर दिसतात. तो गंजिफाचा दुसरा मार्ग धरतो. मेमरीत मावतील एवढ्या नोंदी घेतो, त्या क्रमाने लावतो, ढीग डिस्कवर ठेवतो. पुन्हा पुढच्या घेतो. सगळे ढीग तयार झाले की प्रत्येकाच्या वरची नोंद बघत बघत सगळे मिळून एक सलग क्रम करतो. मग इंडेक्सची पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने लिहीत जातो. एकही पान मध्येच फोडावं लागत नाही. पोस्टग्रेस अशा वेळी पानं ९० टक्के भरतो, पुढच्या नोंदींसाठी थोडी जागा राखून. ६९ आणि ९० यांतला फरक तुमच्या डिस्कवर दिसतो.

ढीग करून मिळवायची ही पद्धत जुनीच, संगणकाचा डेटा टेपवर ठेवायचे तेव्हापासूनची. तरी सगळ्या डेटाबेसनी ती लगेच घेतली असं नाही. तुमच्या फोनमध्ये असतो त्या एसक्यूलाइटने इंडेक्स बनवताना ती वापरायला सुरुवात केली २०११ मध्ये. इनोडीबीमध्येही ती सुरुवातीपासून नव्हती. तेव्हा चाळीस लाखांवर अडलात म्हणून स्वतःला फार बोल लावू नका.

रविवारी सकाळी काय कराल?

लाईट आली आहे असं धरू. आता हे पायरीपायरीने करा.

१. टेबल नव्याने बनवा, पण इंडेक्स लावू नका. अपवाद इनोडीबीचा. तिथे टेबल मुळातच प्रायमरी कीच्या क्रमाने साठवलं जातं, त्यामुळे ती पुढे ढकलून फायदा नाही. तिथे फाईलच आधी प्रायमरी कीच्या क्रमाने लावून घ्या. लिनक्समधली 'सॉर्ट' कमांड मेमरीपेक्षा मोठी फाईलही लावते. आणि प्रायमरी की म्हणून कसलेही वेडेवाकडे यूयूआयडी घेऊ नका. घ्यायचेच तर वेळेच्या क्रमाने वाढणारी सातवी आवृत्ती घ्या. २०२४ मध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली आहे.

२. एकेक 'इन्सर्ट' नको. पोस्टग्रेसला 'कॉपी' आहे, मायएसक्यूएलला 'लोड डेटा' आहे. एसक्यूलाइट असेल तर हजारो ओळी एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधा. एसक्यूलाइट बनवणारेच सांगतात की साध्या संगणकावर सेकंदाला ५० हजार इन्सर्ट सहज होतात, पण फिरत्या डिस्कवर ट्रान्झॅक्शन होतात साठेक. प्रत्येक ओळ वेगळं ट्रान्झॅक्शन धरलीत तर एक कोटीला ४६ तास. बांधून टाकलीत तर दोनशे सेकंद. बस गावाला जाणारच आहे, तर प्रत्येक प्रवाशासाठी वेगळी बस कशाला?

३. इंडेक्स बनवायच्या आधी मेमरी वाढवा. पोस्टग्रेसमध्ये या कामासाठीची 'मेंटेनन्स वर्क मेम' ही मर्यादा मुळात ६४ एमबी असते. आठ जीबीच्या लॅपटॉपवर त्या सेशनपुरती ती ५१२ एमबी केलीत तरी चालेल. ढीग मोठे होतात, संख्येने कमी होतात, मिळवणी सोपी जाते. काम झालं की मर्यादा आपोआप पूर्ववत होते.

४. इंडेक्स एकेक करून बनवा. पोस्टग्रेस २०१८ च्या अकराव्या आवृत्तीपासून एकाच बी-ट्री इंडेक्ससाठी अनेक प्रोसेसर कामाला लावतो. चार इंडेक्स चार खिडक्यांतून एकदम सुरू करून जुन्या डिस्कची ओढाताण करण्यापेक्षा हे बरं.

५. पार्सल नंबर दुबार नको असेल, तर 'युनिक' इंडेक्सही शेवटीच लावा. पण त्याआधी दुबार नंबर शोधून काढा. नाहीतर सगळी लावालाव होईपर्यंत वाट बघायची आणि शेवटी एका दुबार नंबरापायी इंडेक्स नाकारला जायचा.

६. शेवटी 'ॲनलाइझ' चालवा. डेटाबेसला टेबलात काय, किती आहे याचा अंदाज लागतो. ही पायरी बरेच जण विसरतात. मग इंडेक्स असूनही डेटाबेस तो वापरत नाही आणि आपण इंडेक्सला शिव्या घालतो.

मराठी नावांचं काय?

इथे एक खास आपली गोष्ट. पिनकोड आकडा म्हणून साठवलात तर चार बाइट लागतात. 'सावंतवाडी' मात्र यूटीएफ-८ मध्ये २७ बाइट घेतं, कारण देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं आणि काना-मात्रा-अनुस्वार धरून या शब्दात नऊ चिन्हं. नोंद मोठी, म्हणजे एका पानावर नोंदी कमी, पानं जास्त, लावायला वेळ जास्त. तेव्हा गावाच्या नावावर इंडेक्स खरंच हवाय का, ते आधी ठरवा. पिनकोडवर शोधून काम भागत असेल तर नावाचा इंडेक्स लावूच नका. सगळ्यात लवकर होणारा इंडेक्स म्हणजे न लावलेला इंडेक्स!

लावायचाच असेल तर क्रम कुठला, हेही बघा. नुसत्या बाइटांच्या क्रमाने लावणं झपाट्याने होतं, पण तो क्रम आपल्या वर्णमालेचा नाही. युनिकोडमध्ये 'ळ' आहे 'ल'च्या लगेच पुढे, आणि आपण शाळेत शिकलो तो 'ह'च्या नंतर. नाव नेमकं शोधायचं असेल तर बाइटांचा क्रम चालतो. स्क्रीनवर यादी दाखवायची असेल तर मराठी क्रमच हवा, नाहीतर सर पहिला प्रश्न त्यावरच विचारतील.

लाईट जाणारच आहे

वेग झाला. पण आपल्याकडे पावसाळ्यात वेगाइतकंच महत्त्वाचं आहे ते मध्येच थांबलेलं काम पुन्हा उचलता येणं. अख्खी फाईल एका 'कॉपी'त टाकलीत आणि नव्वदाव्या लाखावर लाईट गेली, तर पोस्टग्रेस त्या सगळ्या ओळी झाल्याच नाहीत असं धरतो. नियमच आहे, ट्रान्झॅक्शन झालं तर पूर्ण, नाहीतर शून्य. म्हणून फाईलचे दहा तुकडे करा, दहा-दहा लाखांचे. प्रत्येक तुकडा म्हणजे एक ट्रान्झॅक्शन. कुठला झाला ते कागदावर टिक करत जा. लाईट गेली तर जातो फक्त चालू असलेला तुकडा.

इंडेक्स बनताना लाईट गेली तर? पुन्हा बनवा, दुसरं काय. इंडेक्सचं हे बरं असतं, तो टेबलावरून कधीही परत उभा करता येतो. टेबल गेलं तर मात्र इंडेक्सवरून ते परत येत नाही. म्हणून एक मोह टाळा. वेग वाढवायला काही जण 'एफसिंक' बंद करायला सांगतात, म्हणजे लिहिलेलं खरंच डिस्कवर पोचलं का याची खात्रीच करायची नाही. ऐन जुलैत कोकणात बसून हा सल्ला ऐकू नका. लाईट नेमक्या चुकीच्या क्षणी गेली तर सगळा डेटाबेसच बिघडू शकतो.

आणि हे कधी करू नये?

'आधी भरा, मग लावा' हा सरसकट मंत्र नव्हे. गंजिफाची ११८ पानं लावून झाली आहेत आणि दोनच उरली आहेत. तुम्ही सगळी पानं उधळून पुन्हा लावाल का? तसंच एक कोटी ओळींच्या तयार टेबलात रोजच्या पाच हजार ओळी घालायच्या असतील, तर इंडेक्स राहू द्या. नवी भर जुन्याच्या बरोबरीने किंवा त्याहून मोठी असेल तेव्हा इंडेक्स काढून पुन्हा लावणं परवडतं. मधल्या आकड्यांना ठरलेलं उत्तर नाही. दोन्ही करून बघा, घड्याळ लावून.

दुसरी गोष्ट. लोक वापरत असलेल्या साइटचे इंडेक्स काढू नका. तुमचं भरणं झटपट होईल, पण तेवढा वेळ प्रत्येकाचा शोध एक कोटी ओळी चाळत बसेल. दुकान चालू असताना फळ्या उतरवून ठेवल्यासारखं होईल ते. पोस्टग्रेसमध्ये टेबलवरचं लिहिणं न थांबवता इंडेक्स बनवायची सोय आहे, 'कंकरंटली' म्हणून. वेळ जास्त घेते, पण दुकान चालू राहतं.

हे शिकायचं कशाला?

कुणी म्हणेल, आता सगळं क्लाउडवर आहे, मोठं मशीन तासावर भाड्याने मिळतं. मिळतं, पण भाडं तुमच्याच खिशातून जातं. चुकीच्या क्रमाने केलेलं काम मोठ्या मशीनवरही चुकीच्याच क्रमाने होतं, फक्त बिल मोठं येतं. एसएसडीमुळे २८ तासांचं काम कमी होईल हे खरं. पण फाईल उद्या दहापट झाली की पुन्हा तिथेच याल. आणि फाईल मोठ्या होतच राहणार. महाराष्ट्राच्या मतदार यादीत २०२४ च्या विधानसभा निवडणुकीला नऊ कोटींहून जास्त नावं होती. टपाल खात्याने २०२५ मध्ये 'डिजिपिन' आणला. त्यात देशाचा नकाशा सोळा घरांत विभागायचा, प्रत्येक घर पुन्हा सोळांत, असं दहा वेळा, आणि शेवटी हातात येतो साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन, दहा अक्षरांच्या नावाचा. वेलणकरांचीच कल्पना, आणखी बारीक केलेली. अशा घरांच्या माहितीचे तक्ते उद्या कुणीतरी भरणार आहे, त्यावर इंडेक्स लावणार आहे. ते तुम्ही का नसावं?

एवढं लक्षात ठेवा की मुलाखतीत "मोठी फाईल कशी भराल?" या प्रश्नाला "जास्त रॅम घेईन" असं उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. "आधी इंडेक्स काढीन, तुकड्यांनी भरीन, मग लावीन, मग ॲनलाइझ करीन, आणि टेबल चालू वापरात असेल तर यातलं काय करणार नाही तेही सांगतो," असं म्हणणारा जुन्या लॅपटॉपवर शिकून आलाय हे समोरच्याला लगेच कळतं. आणि ते तुमच्या बाजूचंच असतं.

तर रविवार आहे. पाऊस अजून लागलेलाच आहे. लॅपटॉप चार्जिंगला लावा, फाईलचे दहा तुकडे करा आणि पहिल्या तुकड्याला सुरुवात करा. टिक करायला कागद-पेन जवळ ठेवा. आणि रात्री आईने विचारायच्या आत झोपा.